छातीतली गाठ आणि हातातून निसटणारं वर्ष: पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवर उपचार कसे घ्यावेत

पहाटे पाचला परभणीत, बीडमध्ये, जालन्यात कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. त्यात एखादा ढगळ टी-शर्ट घालून, खांदे पुढं पाडून पळणारा असतोच. भरतीत उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. टेप लावायला शर्ट काढावा लागतो. त्या पोराला १६०० मीटरची धास्ती नसते, शर्ट काढायची असते. मला हे ठाऊक आहे, कारण मीही तसाच पळायचो.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या डाव्या स्तनाग्राखाली लिंबाच्या बीएवढं काहीतरी टणक लागायला लागलं. बनियन घासला तरी दुखायचं. मग उजवीकडंही तेच. विहिरीवर पोहायला जाणं बंद केलं, तालमीत जाणं बंद केलं. चुलतभावाच्या हळदीला उघड्या अंगानं बसायची वेळ येईल म्हणून पोटदुखीचं निमित्त केलं. घरात कुणालाच सांगितलं नाही. तीन वर्षं तेल चोळलं, जाहिरातीतल्या कॅप्सूल खाल्ल्या. शेवटी सर्जनपुढं बसलो तेव्हा ते म्हणाले, "दुखत होतं तेव्हाच आला असतास तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. आता गाठ पिकून घट्ट झालीय."

हा लेख त्या वाक्यासाठी लिहितोय. या आजारात औषध ज्या पहिल्या वर्षात लागू पडतं, नेमकं तेच वर्ष आपण लाजेपायी घालवतो.

हे होतं कशामुळं

डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. मुलगा असो की मुलगी, स्तनाग्राखाली स्तनग्रंथीचा लहानसा अंश सगळ्यांनाच असतो. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक थोडंफार तयार होतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या मानानं त्याचं पारडं जड झालं की झोपलेली ग्रंथी वाढायला लागते. पोटावरची, छातीवरची चरबी ही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारी भट्टीच असते, त्यामुळं वजन वाढलं की पारडं आणखी कलतं.

यावरून कुणी पुरुषत्वावर बोलत असेल तर ते साफ चूक आहे. बहुतेकांची संप्रेरकं तपासणीत ठीकच निघतात, आणि गाठ आहे म्हणजे लग्न, मूलबाळ यात अडचण येणार असं मुळीच नाही. माझ्या मनात हीच भीती सगळ्यात खोल रुतली होती, म्हणून आधी सांगतो.

पायरी पहिली: गाठ की नुसती चरबी, हे घरीच बघा

पाठीवर झोपा. दोन्ही हात डोक्याखाली घ्या आणि मग एक हात सोडवून त्याच्या विरुद्ध बाजूची छाती तपासा. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन कडांना ठेवा आणि हळूहळू स्तनाग्राकडं सरकवत आणा. स्तनाग्राच्या बरोबर खाली, त्याच्याभोवती सारखी पसरलेली, रबरासारखी किंवा त्याहून घट्ट चकती बोटांत अडकली तर ती ग्रंथी. बोटं कुठंच न अडखळता मऊमऊ सरकत स्तनाग्रापर्यंत आली तर ती चरबी. दोन्ही एकत्र असणं तर फारच कॉमन आहे.

नुसती चरबी असेल तर गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही. तिथं वजन उतरवणं हाच पहिला उपचार. नुसती ग्रंथी असेल तर पळून, पुशअप्स मारून ती जात नाही. उलट खालचा स्नायू फुगला की ती आणखी पुढं ढकलली जाते. मी दिवसाला दोनशे पुशअप्स मारायचो आणि छाती वाढतेच कशी म्हणून रडकुंडीला यायचो.

तपासताना काही गोष्टी आढळल्या तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा. गाठ एकाच बाजूला आहे, स्तनाग्राच्या खाली नसून बाजूला सरकलेली आहे, दगडासारखी टणक आहे आणि दुखत नाही. वरची कातडी आत ओढली गेलीय किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय. स्तनाग्र आत गेलंय, त्यातून रक्ताळ पाणी येतंय. काखेत गाठ लागतेय. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, आणि "पुरुषाला कसा होईल" म्हणून तो हमखास उशिरा येतो. पन्नाशी-साठीतल्या वडिलांना, आजोबांना हे वाचून दाखवा. मराठवाड्यात अशी शंका आली तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचं आहे, मुंबईची वाट धरायच्या आधी तिथं जाता येतं.

आणखी एक तपासणी, बोलायला अवघड पण दोन मिनिटांची. गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर दोन्ही अंडकोष एकेक करून बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा. टणक, न दुखणारी गाठ किंवा एक बाजू अचानक मोठी वाटली तर लगेच दाखवा. अंडकोषाच्या काही गाठी असं संप्रेरक सोडतात की त्यानं छाती वाढते, आणि काही वेळा छातीमुळंच त्या सापडतात. वेळेत सापडल्या तर हा आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

पायरी दुसरी: वय बघा

तेरा-चौदाच्या वयात निम्म्याहून जास्त मुलांच्या छातीत अशी गाठ येते. आवाज फुटतो, मिसरूड येतं, तसंच हे. सहा महिन्यांत ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप जिरते. आईबापांनी एकदा डॉक्टरांना दाखवावं, अंडकोषांची वाढ नीट आहे ना एवढं बघून घ्यावं आणि मग थांबावं. या वयात कुणी घाईनं ऑपरेशन सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सतरा-अठरा उलटल्यावरही राहिली, तर मात्र ती आपसूक जाईल ही आशा कमी.

थांबायचं म्हणजे पोराला एकटं सोडायचं नव्हे. लातूरला शिकवणीला ठेवलेलं लेकरू वसतिगृहात सगळ्यांच्या आधी चारला उठून अंघोळ उरकत असेल, पीटीच्या तासाला रोज आजारी पडत असेल, सुट्टीत घरी आल्यावरही दार लावून बसत असेल, तर विचारा. रागावून नको, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. चिडवणं फार खोल लागतं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तान्ह्या बाळाचंही सांगून टाकतो. आईच्या संप्रेरकांमुळं नवजात मुलगा-मुलगी दोघांची छाती सुजते, थेंबभर दूधही येतं. आपल्याकडं न्हाऊ घालणाऱ्या बाया ते पिळून काढतात. कृपा करून पिळू देऊ नका. त्यानं पू होतो, आणि न पिळता ती सूज काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

वीस-तिशीत नवी गाठ आली, दुखतेय, वाढतेय, तर थांबायचं नाही. कारण शोधायचं. पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन उतरतं, पोट सुटतं, चार आजारांच्या गोळ्या सुरू असतात. तिथं तिन्हीचा हात असतो.

पायरी तिसरी: कारण शोधा, गोळ्यांच्या डब्यापासून सुरुवात करा

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच डॉक्टरांकडं न्या. छाती वाढवणारी औषधं बरीच आहेत. पोटात पाणी झालेल्यांना, हृदयाच्या रुग्णांना दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन हे सगळ्यात नेहमीचं. प्रोस्टेटसाठी आणि केस गळतीसाठी घेतलं जाणारं फिनास्टराइड, प्रोस्टेट कर्करोगातलं बायकॅल्युटामाइड, बुरशीवरच्या केटोकोनाझोलच्या गोळ्या, मानसिक आजारातलं रिस्पेरिडोन, एचआयव्हीच्या उपचारातलं इफाविरेन्झ, क्षयरोगातलं आयसोनियाझिड. यातलं एखादं सापडलं तर स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. क्षयाच्या गोळ्या मधेच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. छाती परवडली, तसला क्षय नको. डॉक्टर पर्याय देऊ शकतात, किंवा कोर्स संपेपर्यंत थांबायला सांगतात. औषध बदलल्यावर, गाठ ताजी असेल तर ती काही महिन्यांत उतरू लागते.

जिममधल्या इंजेक्शनांबद्दल स्पष्टच लिहितो. तालुक्याच्या गावापर्यंत आता जिम आली आणि तिच्याबरोबर "सायकल", म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या इंजेक्शनांचा कोर्स, मारून देणारे दादाही आले. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन करतं. सायकल संपल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन झोपलेलं असतं आणि इस्ट्रोजेन मोकाट सुटतं. गाठ तेव्हाच धरते. साधी प्रोटीन पावडर यात दोषी नाही, पण लेबल नसलेल्या डब्यात काय मिसळलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डॉक्टरांपुढं हे लपवू नका. लपवलं तर तपासण्या भरकटतात आणि ऑपरेशननंतरही गाठ परत येते.

दारूनं यकृत खराब झालं की इस्ट्रोजेन वाढत राहतं. त्याशिवाय दारू टेस्टोस्टेरॉनही पाडते. गांजाचाही संबंध सांगितला जातो. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांना, थायरॉइड जास्त काम करणाऱ्यांना हे होतं. उंच, सडपातळ, दाढी-मिशा विरळ, अंडकोष लहान आणि छाती वाढलेली, अशा मुलात क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणजे जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असू शकतं. ते ओळखणं महत्त्वाचं, कारण त्यांना टेस्टोस्टेरॉन देता येतं, आणि त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो.

आता सोयाबीन. आपला अर्धा मराठवाडा सोयाबीनवर जगतो, आणि भरतीची पोरं प्रथिनांसाठी सोयावड्या खातात. "सोयाबीननं छाती येते" हे मला तालमीतल्या वस्तादांपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. साठ वर्षांच्या एका माणसाला रोज जवळजवळ तीन लिटर सोयादूध पिऊन असं झाल्याची नोंद आहे, आणि बंद केल्यावर ते उतरलं. वाटीभर सोयावडीच्या भाजीनं असं काही होत नाही. खा बिनधास्त.

आणि एवढं सगळं तपासूनही चारातल्या एकाला कारण सापडत नाही. मलाही सापडलं नाही. त्यानं उपचार अडत नाहीत.

पायरी चौथी: कुठं जायचं, काय बोलायचं

बरीच पोरं केसपेपर काढतात आणि काय सांगायचं या विचारानं रांगेतून परत फिरतात. एवढंच म्हणा: "स्तनाग्राखाली गाठ लागते, इतक्या महिन्यांपासून, दुखते" किंवा "दुखत नाही". सर्जरीच्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकलं जातं. कुणी हसत नाही. मी छातीवर हात धरून पुटपुटलो होतो, तर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "दोन्हीकडं का एकीकडं?"

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडचं शंकरराव चव्हाण ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्या भागात आहेत. यांपैकी जवळचं गाठा, सर्जरी ओपीडीत दाखवा आणि प्लास्टिक सर्जन कोणत्या दिवशी असतात ते तिथंच विचारा. संप्रेरकांचा घोळ दिसला तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं पाठवतात.

डॉक्टर छाती, पोट आणि अंडकोष तपासतील. अंडकोष तपासले नाहीत तर तपासणी अर्धी राहिली असं समजा आणि तपासा म्हणून सांगा. रक्ताच्या तपासण्या प्रत्येकाला सरसकट लागत नाहीत. नवी, दुखरी, भराभर वाढणारी गाठ असेल तर टेस्टोस्टेरॉन, एलएच, एस्ट्राडायॉल, एचसीजी, प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं आणि थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करतात. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी दहाच्या आत द्यायचं असतं. दुपारी ते खाली येतं आणि रिपोर्ट उगाच कमी दिसतो. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघूनही पोचायला अकरा वाजत असतील तर गावाजवळच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट सोबत न्या. शंका असेल तिथं छातीची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. एचसीजी वाढलेलं निघालं तर अंडकोषांची सोनोग्राफी.

पायरी पाचवी: थांबणं, वजन, गोळ्या

चरबी जास्त असेल तर सहा महिने वजनाला द्या. भाकरी बदलायची गरज नाही. ज्वारी, डाळ, पालेभाजी आहे तशीच राहू द्या. दिवसाचे पाच-सहा गोड चहा, वडापाव आणि रात्रीचं मित्रांबरोबर "बसणं" एवढं काढलं तरी पोटाबरोबर छाती उतरते. फक्त छातीचीच चरबी कमी करणारा व्यायाम अस्तित्वात नाही. पळा, चाला, शेतात काम करा, अख्ख्या अंगाचं वजन उतरेल तेव्हा छातीचंही उतरेल.

गोळ्यांचा भाग नीट वाचा, कारण माझं हुकलं ते इथं. ग्रंथी वाढायला लागते तेव्हा पहिले काही महिने ती सुजट, हुळहुळी, दुखरी असते. या काळात टॅमॉक्सिफेन नावाची गोळी इस्ट्रोजेनला ग्रंथीवर काम करू देत नाही. डॉक्टर ती साधारण रोज १० ते २० मिलिग्रॅम, तीन ते सहा महिने देतात. दुखणं आधी थांबतं, आकार नंतर कमी होतो, काहींचा पूर्ण, काहींचा अर्धामुर्धा. वर्ष उलटून गेलं की ग्रंथीच्या जागी तंतूंचा घट्ट गठ्ठा तयार होतो. त्यावर गोळी चालत नाही. आंबा पिकला की पुन्हा कैरी होत नाही, तसं.

टॅमॉक्सिफेन मुळात बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाचं औषध आहे. पुरुषांच्या या गाठीसाठी त्याची अधिकृत मंजुरी नाही, डॉक्टर अनुभवावर आणि अभ्यासांवर देतात, आणि तसं त्यांनी तुम्हाला सांगायला हवं. गोळी महाग नाही, म्हणूनच जिममध्ये ती हातोहात फिरते. पण तिनं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, नजर अंधुक होऊ शकते. एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. घरात कुणाला गुठळीचा त्रास झालेला असेल तर आधी सांगा. रॅलॉक्सिफेन हे त्याच जातीचं दुसरं औषध काही डॉक्टर देतात. अॅनास्ट्रोझोल वयात येणाऱ्या मुलांवर तपासून पाहिलं गेलं, पण औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन फक्त ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे त्यांनाच. इतरांनी घेतलं तर गाठ वाढते.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बायकॅल्युटामाइड सुरू होणार असेल तर आधीच विचारून ठेवा. छाती वाढू नये म्हणून टॅमॉक्सिफेन किंवा छातीवर थोडं रेडिएशन देता येतं, आणि हा उपाय आधी केला तर जास्त नीट लागू पडतो.

तेल, मलम, लेप, पट्टे, "सात दिवसांत सपाट छाती" म्हणणाऱ्या कॅप्सूल, यांतल्या कशानंच ग्रंथी विरघळत नाही. पैसे गेले त्याचं मला फार नाही, त्यात तीन वर्षं गेली त्याचं आहे.

पायरी सहावी: ऑपरेशन

जुनी घट्ट गाठ, गोळ्यांनी न गेलेली गाठ आणि वजन उतरूनही लोंबणारी छाती यांना ऑपरेशन हाच इलाज. वय अठराच्या पुढं, गाठ किमान वर्षभर त्याच आकाराची, वजन स्थिर आणि कारण असेल तर ते बंद झालेलं, एवढं जुळलं की बोलणी सुरू करा. हे ऑपरेशन नवं फॅड नाही. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलस नावाच्या ग्रीक वैद्यानं पुरुषाच्या छातीवर चंद्रकोरी छेद घेऊन ही गाठ काढायची रीत लिहून ठेवली. आज जो छेद घेतात, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेनं अर्धगोल, तो जेरोम वेब्स्टर या अमेरिकन सर्जननं १९४६ साली मांडला. काळी आणि गोरी कातडी जिथं मिळते तिथंच व्रण असल्यानं तो वर्षभरात शोधावा लागतो.

सर्जन आधी छातीची प्रत ठरवतात. १९७३ पासून सायमनची वर्गवारी चालते: पहिली म्हणजे लहान गाठ, दुसरीतली 'अ' म्हणजे मध्यम आकार पण कातडी घट्ट, 'ब' म्हणजे कातडीही थोडी सैल, तिसरी म्हणजे मोठी आणि लोंबणारी. पहिलीत नुसती ग्रंथी काढून भागतं. दुसरीत बारीक नळीनं चरबी ओढून घेणं, म्हणजे लायपोसक्शन, आणि छेदातून ग्रंथी काढणं दोन्ही करतात. तिसरीत जादा कातडीही कापावी लागते, तेव्हा व्रण मोठा राहतो, ते आधी कबूल असावं लागतं. फक्त लायपोसक्शन करून देतो म्हणणाऱ्याला विचारा की घट्ट ग्रंथी नळीतून येणार कशी. चरबी जाते, चकती उरते आणि महिन्याभरात टोक पुन्हा टी-शर्टातून दिसायला लागतं.

चांगला सर्जन स्तनाग्राखाली ग्रंथीचा पातळ थर मुद्दाम ठेवतो. सगळी खरवडून काढली तर तिथं बशीसारखा खड्डा पडतो, आणि तो खड्डा दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड.

पहिल्या भेटीत विचारायच्या गोष्टी मी वहीवर लिहून नेल्या होत्या. तुम्हीही न्या. तुमची पदवी काय, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का? (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव ऑनलाइन बघता येतं. पार्लरवजा "कॉस्मेटिक सेंटर"मध्ये ऑपरेशन करणारा कोण हे नक्की विचारा.) भूल पूर्ण की जागेपुरती, आणि भूलतज्ज्ञ हजर असणार ना? काढलेली गाठ तपासणीला पाठवणार ना? रात्री रक्तस्राव झाला तर कुणाला फोन करायचा? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या.

पैशांचं लेखी घ्या. भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, तपासण्या, दाबाचं बनियन, गाठीची तपासणी आणि पुढच्या भेटी यांचा त्यात उल्लेख हवा. मला "पॅकेज" म्हणून सांगितलेल्या एका ठिकाणी बनियन आणि तपासणी दोन्ही नंतर वेगळी निघाली, मी ती जागा सोडली. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. डॉक्टरांनी वैद्यकीय गरज लिहून दिली तरी कंपनी नाकारू शकते, म्हणून दाखल होण्याआधी लेखी मंजुरी मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला केसपेपर दाखवून विचारा. सरकारी रुग्णालयात रांग लांब असते, पण खर्च कमी लागतो. ज्याच्याकडं थांबायला वेळ आहे त्यानं तोच रस्ता धरावा असं माझं मत.

तारीख धरताना आपलं हवामान बघा. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे अंगाला आवळलेलं जाड बनियन घालून राहायचं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा ते घालून घामोळं आणि खाज यानं जीव नकोसा होतो. सोयाबीन काढून झालं की दिवाळीनंतरची थंडी उत्तम. पेरणीच्या तोंडावर, राशीच्या धामधुमीत तर अजिबात नको. पोतं उचलावं लागलं तर टाके धोक्यात.

आणि तंबाखू. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतर विडी-सिगारेट, मावा, गुटखा, चुना-तंबाखू सगळं बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. स्तनाग्राला रक्त नीट मिळालं नाही तर ते काळं पडून गळूही शकतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो कुठं मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगतो. अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा.

पायरी सातवी: नंतरचे दिवस

ऑपरेशन तास-दोन तासांचं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. तरी पहिल्या दोन रात्री शहरातच पाहुण्यांकडं किंवा रुग्णालयाजवळ राहा. आतून रक्त साचायचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो. रात्री दोनला गंगाखेडच्या पुढच्या खेड्यातून गाडी शोधत बसायची वेळ येऊ नये. एक बाजू अचानक टणक होऊन फुगली, गोळीनं न थांबणारं दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. ताप, पू, स्तनाग्र काळं पडणं, पाय सुजणं, दम लागणं ही पण तातडीचीच लक्षणं.

आत नळी ठेवली असेल तर ती एक-दोन दिवसांत काढतात. बनियन पहिले तीन आठवडे रात्रंदिवस, नंतर डॉक्टर सांगतील तसं. दोन बनियन घ्या, एक धुवायला. दुसरा दिवस आला की घरातच चाला. खुर्चीचं काम आठवड्यात सुरू करता येतं, मोटारसायकल डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडल धरून बसणं छातीला चांगलंच जाणवतं. हंडा, पाण्याचा कॅन, पोतं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. पळणं साधारण महिन्याभरानं, पुशअप्स आणि छातीचा व्यायाम सहा आठवड्यांनी.

पहिल्या आठवड्यात छाती निळी-जांभळी, सुजलेली, वाकडीतिकडी दिसते. मी आरशात बघून घाबरलो होतो. सूज तीन महिन्यांत बरीच उतरते, खरा आकार सहा महिन्यांनी दिसतो. स्तनाग्राभोवती बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो. पाणी साचलं तर सुईनं काढतात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही, आधीही त्या सारख्या नव्हत्या. वजन पुन्हा वाढलं किंवा इंजेक्शन पुन्हा सुरू झालं तर राहिलेल्या थरातून गाठ परत येऊ शकते.

दोन आठवड्यांनी गाठीचा तपासणी-रिपोर्ट आठवणीनं मागून घ्या. तो, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी एका फाइलला लावून ठेवा. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत वाढलेल्या छातीवरून मुलं बाहेर पडतात, आणि ऑपरेशन करून जाणाऱ्याला ते कधी, कशासाठी केलं हे विचारलं जातं. भरतीची तारीख आणि ऑपरेशन यात किती अंतर लागतं ते त्या वर्षीच्या जाहिरातीतून आणि भरती कार्यालयातून आधी पक्कं करा, मगच सर्जनकडून तारीख घ्या.